संघर्ष आणि ओळख : यादवी युद्धाच्या दोन कथा

कथेतील संघर्षाचे बाह्य आणि आंतरिक असे दोन प्रकार मानण्याची प्रथा आहे. यादवी युद्धावरील कथांना ही विभागणी अपुरी पडते. 'यादवी' या शब्दातच आपसांत लढून नष्ट झालेल्या एका कुळाची स्मृती आहे. शत्रू आणि आप्त ही एकच व्यक्ती असते, तेव्हा बाह्य संघर्ष कोठे संपला असे म्हणावयाचे? ॲम्ब्रोज बिअर्स यांची 'अ हॉर्समन इन द स्काय' (१८८९) आणि लायम ओ'फ्लॅहर्टी यांची 'द स्नायपर' (१९२३) या दोन कथांच्या आधारे येथे या प्रश्नाचा विचार केला आहे.

'द स्नायपर'मध्ये १९२२ च्या जूनमधील डब्लिन शहर आहे. छपरावर दबा धरून बसलेला प्रजासत्ताकवादी सैनिक समोरच्या छपरावरील बंदूकधाऱ्याशी झुंजतो. हाताला गोळी लागल्यावर आपण मेल्याची बतावणी करून तो त्याला फसवतो आणि ठार करतो. लगेच त्याला युद्धाची व स्वतःची किळस येते. परंतु ही अवस्था क्षणभरच टिकते. कुतूहलाने तो प्रेत उलटतो आणि त्याला आपल्या भावाचा चेहरा दिसतो. कथा येथेच थांबते. खरा आंतरिक संघर्ष संहितेच्या बाहेर, वाचकाच्या मनात सुरू होतो.

बिअर्स यांच्या कथेत हा क्रम उलटा आहे. १८६१ साली व्हर्जिनियातील तरुण कार्टर ड्रूस उत्तरेच्या सैन्यात जातो. जे कर्तव्य वाटेल ते कर, असे वडिलांनी निरोप देताना सांगितलेले असते. पहाऱ्यावर असताना त्याला कड्यावर शत्रूचा घोडेस्वार दिसतो. त्याला जाऊ दिले, तर दरीत लपलेल्या पाच पलटणी धोक्यात येतील. कार्टर थरथरतो, वडिलांचे शब्द आठवतो आणि घोड्यावर नेम धरतो. तो स्वार त्याचा पिता होता, हे वाचकाला अखेरीस कळते. कार्टरला ते गोळी झाडण्यापूर्वीच ठाऊक असते. त्यामुळे दुसऱ्या वाचनात त्या थरथरण्याचा अर्थच बदलतो.

महाभारताशी परिचित असलेल्या वाचकाला या दोन्ही अवस्था अनोळखी नाहीत. अर्जुन स्वजनांना ओळखून शस्त्र खाली ठेवतो. कर्ण आपला भाऊ होता, हे पांडवांना त्याच्या वधानंतर कळते. कार्टरपुढे मात्र समजावणारा सारथी नाही. ज्याचा उपदेश त्याला बळ देतो, त्याच्यावरच त्याला गोळी झाडावी लागते.

ड्रूसच्या कृतीत निवड आहे, म्हणून तेथे नैतिक जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. स्नायपरला निवडीची संधीच मिळत नाही. तथापि त्याचे अज्ञान हा केवळ योगायोग मानता येणार नाही. समोरच्याचा चेहरा न पाहणे, ही त्या लढाईची अटच आहे. म्हणून अशा कथांत संघर्षाचा प्रकार ठरविण्यापूर्वी ओळखीचा क्षण कृतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहणे अगत्याचे ठरते.