तांब्याचें पिंप आणि लाख वर्षें

तांब्याचा हंडा चार दिवस न घासल्यास काळवंडतो व चिंच लावतांच पुन्हां झळकूं लागतो, हें आमच्या बाल वाचकांनीं घरीं पाहिलेंच असेल. चिंचेबरोबर निघून जातो तो निव्वळ मळ नसून त्यांत तांब्याचाच अंश असतो. परंतु तो इतका अल्प कीं, आजीचा हंडा नातीच्या संसारासही पुरतो. मग तांब्याचें एखादें भांडें लाख वर्षें टिकेल किंवा नाहीं, हें आज कसें सांगावें?

प्रश्न काल्पनिक नव्हे. अणुभट्ट्यांतील वापरून झालेल्या इंधनांतून मनुष्यास घातक असे किरण दीर्घकाळ निघत राहतात. तें पुरण्याकरितां स्वीडन देशांत फोर्समार्क येथें जानेवारी २०२५ मध्यें काम सुरू झालें. भुईखालीं सुमारें ५०० मीटरांवर, कातळांत, ५ सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पिंपांत तें ठेवावयाचें आणि भोंवतीं बेंटोनाइट नांवाची, ओल लागतांच फुगणारी माती ठासावयाची, अशी योजना आहे. लाख वर्षांनंतर तेथें राहणाऱ्या लोकांस आमची धोक्याची पाटी वाचतां येईल, ही आशा व्यर्थ होय. राखण तांब्यानेंच केली पाहिजे.

क्रोनान नांवाचें स्वीडिश लढाऊ जहाज १६७६ मध्यें बाल्टिक समुद्रांत बुडालें. त्यावरील एक तोफ, बहुतांश तांब्याची, तीनशें वर्षें तळच्या चिकणमातींत रुतून राहिली. ती तपासतां वर्षाकाठीं सुमारें ०.१५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटराच्या दहा हजाराव्या भागाची दीडपट, झीज आढळली. आमचा कोणताही विद्यार्थी त्रैराशिक मांडून सांगेल कीं, लाख वर्षांत १५ मिलिमीटर. पिंप तर ५० मिलिमीटर जाड!

परंतु वेग न बदलेल तरच त्रैराशिक खरें, आणि येथें तो बदलतो. पुरतेवेळीं मातींत अडकलेली हवा आरंभीं तांब्यास खाईल. तींतील प्राणवायु संपला कीं तो मार्ग खुंटला. पुढें उरतें भूजलांतील सल्फाइड, म्हणजे गंधकाचें एक रूप. तें फुगलेल्या मातींतून अत्यंत सावकाश झिरपतें. म्हणून तांबें किती झिजलें एवढेंच मोजून शास्त्रज्ञ थांबत नाहींत. त्याच्यापर्यंत किती सल्फाइड पोंचूं शकेल, याचा हिशेब करितात. दिव्यांत तेल असेल तोंवरच वात जळावयाची. तथापि झीज सर्वत्र सारखी नसते. कोठें खळगा पडतो, आणि सरासरी कितीही अल्प असो, भोंक एकच पुरतें.

शिवाय प्राणवायूवांचून शुद्ध पाण्यांतही तांबें झिजतें, असा दावा स्टॉकहोमच्या कांहीं संशोधकांनीं केल्यानें वाद माजला. २०१८ मध्यें तेथील न्यायालयानें आणखी पुरावा मागितला. सरकारची संमति २०२२ मध्यें मिळाली. हा विलंब आम्हांस मुळींच दोषास्पद वाटत नाहीं. दरम्यान, एस्पो येथील भूमिगत प्रयोगशाळेंत अशाच मातींत वीस वर्षें पुरलेलें तांबें २०१९ मध्यें उकरून पुन्हां तपासण्यांत आलें.