सकाळी पाणथळीवर: आधी पक्षी, मग फुलपाखरं

निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर, थंडीचे दिवस, हातात कॅमेरा आणि ३०० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स. एवढं पुरे. मातकट रंगाचे कपडे घाला आणि चला!

१. आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा. थंडीत ती लवकर उतरते.

२. उजाडताच काठावर पोचा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी धूसर येतो.

३. सूर्य पाठीशी घ्या. समोर घेतलात तर पक्षी काळाठिक्कर!

४. खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोतला शेकाट्या चिखलावर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो.

५. शटरस्पीड १/१००० ठेवा. फोटो अंधारा आला तर शटर हळू करू नका, आयएसओ वाढवा.

६. सतत पाठलाग करणारा फोकस निवडा: कॅननवर ‘सर्व्हो’, निकॉन-सोनीवर ‘एएफ-सी’. नाहीतर पक्षी हलला की फोकस मागेच राहतो.

७. फोकसचा ठिपका पक्ष्याच्या डोळ्यावर आणा. मध्ये गवताची काडी आली तर कॅमेरा तीच पकडेल, जरा सरका.

८. पांढरा बगळा गडद पाण्यात असेल तर एक्स्पोजर -०.७ करा. पिसं एकदा पांढरीफटक झाली की नंतर दुरुस्त होत नाहीत.

९. उड्डाणासाठी शटर १/२००० करा. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून झेपावतात, तेव्हा वारा कुठून येतोय तेही बघून ठेवा.

१०. पक्ष्याने मान ताठ केली की जागीच थांबा. आणखी एक पाऊल टाकलंत तर अख्खा थवा उडेल.

११. ऊन अंगाला लागलं की काठच्या घाणेरीकडे वळा. फुलपाखरं तिथे पंख पसरून ऊन खात बसतात; तुमची सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका.

१२. आता अ‍ॅपर्चर एफ/८ करा. याहून मोठं उघडलंत तर पंख स्पष्ट आणि मिशा धूसर!

१३. कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरा. तिरकी धरलीत तर एकच पंख नीट येईल.

१४. उडालं तर मागे धावू नका, थांबा. पुष्कळदा ते त्याच फांदीवर परत येतं.

१५. फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर निवडा. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळेच झकास दिसतात!