जेथे देव राजा आणि राजा दिवाण : बुंदेलखंड, ढुंढाड व मेवाडातील किल्ले, राजवाडे आणि देवस्थाने

उत्तर भारताच्या यात्रेस निघणारे मराठी भाविक काशी, प्रयाग, अयोध्या व मथुरा ही क्षेत्रे श्रद्धेने करतात आणि परतीच्या वाटेवर चार-पाच दिवस ‘स्थलदर्शना’साठी राखून ठेवतात. यात्रा आटोपली, आता किल्ले व राजवाडे पाहावयाचे, अशी मनाची विभागणी नकळत होऊन जाते. याचा परिणाम असा होतो की आमेरच्या किल्ल्यात शीशमहलापुढे तास-दोन तास जातात आणि शिलादेवीच्या द्वारी पोहोचेपर्यंत दुपारचे दर्शन बंद झालेले असते. ओरछा येथे जहांगीर महाल पाहून गाडी पुढे निघते आणि ज्या राजाचे ते नगर आहे त्याची भेट राहूनच जाते.

वस्तुतः या प्रदेशांत किल्ला, राजवाडा व देऊळ या तीन निरनिराळ्या वस्तू नाहीत. येथील कित्येक राजघराण्यांनी राज्य देवाच्या नावे केले व स्वतःकडे सेवकपण घेतले. शिवाय या देवांपैकी अनेक मूळचे तेथील नव्हेत. कोणी भक्तीच्या ओढीने आणले गेले, तर कोणी संकटकाळी आश्रयास आले. म्हणून कोणत्याही गडावर पाऊल ठेवताना मूर्ती कोठून आली, का आली आणि राजाने तिला कोठे बसविले, एवढी चौकशी करावी. वास्तूचा अर्ध्याहून अधिक अर्थ त्या उत्तरांतच असतो.

झाशी आणि ओरछा

मुंबई व पुण्याकडून येणाऱ्यांना आजच्या वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकावर उतरणे सोयीचे पडते. झाशीचा किल्ला १६१३ मध्ये ओरछ्याच्या वीरसिंह देव बुंदेला याने बांधला. पुढे मराठ्यांच्या अमलात सुभेदार नारो शंकर यांनी त्याचा विस्तार केला. तो भाग त्यांच्या नावावरून शंकरगढ म्हणून ओळखला जातो. राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीने प्रत्येक मराठी माणूस येथे थांबतोच, त्याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र शहरातील गणेश मंदिरही पाहावे. राणीसाहेबांचा विवाह १८४२ मध्ये याच मंदिरात झाला.

झाशीपासून सुमारे १५ ते १८ कि.मी. अंतरावर वेत्रवती म्हणजे आजच्या बेतवा नदीकाठी ओरछा आहे. राजा रुद्रप्रताप याने १५३१ मध्ये येथे बुंदेल्यांची राजधानी वसविली. त्याचा पुत्र मधुकरशाह हा कृष्णभक्त, तर राणी गणेशकुंवरी ही रामभक्त. राणीने अयोध्येस जाऊन शरयूकाठी आराधना केली आणि प्रभू रामचंद्र तिच्यासमवेत येण्यास सिद्ध झाले, अशी कथा तेथे सांगितली जाते. प्रभूंनी तीन अटी घातल्या. प्रवास केवळ पुष्य नक्षत्रावर व्हावा. मूर्ती एकदा जेथे ठेवली जाईल तेथून पुन्हा हलू नये. आणि त्या नगरात राजा एकच, तो म्हणजे स्वतः राम. राणी ओरछ्यास परतली तेव्हा मूर्तीसाठी योजिलेल्या भव्य चतुर्भुज मंदिराचे काम पुरे झाले नव्हते. मूर्ती तात्पुरती म्हणून राणीच्या महालात ठेवली, ती तेथेच राहिली.

कथा कशीही घ्यावी, वास्तू मात्र समोर उभ्या आहेत. एकीकडे उंच शिखरांचे, राजमंदिरास शोभेल असे चतुर्भुज मंदिर असून त्यात ज्यांच्यासाठी ते उभारले ते श्रीराम नाहीत. दुसरीकडे शिखर नसलेला, घरासारखा दिसणारा महाल आहे आणि भाविकांची सारी रीघ त्याच्याकडे लागते. यात्रेकरूंनी प्रथम चतुर्भुज मंदिर पाहावे व नंतर रामराजाच्या दर्शनास जावे. आधी श्रीरामाविना असलेला गाभारा पाहिला म्हणजे दुसऱ्या दाराशी काय घडले ते सांगावे लागत नाही. रामराजास राजा म्हणून आजही पोलिसांची शस्त्रसलामी दिली जाते. मंदिरात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे व दुपारी दर्शन बंद असते, तेव्हा सकाळ किंवा संध्याकाळची आरती साधावी.

एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बुंदेल्यांनी १७८३ मध्ये आपली राजधानी टीकमगढ येथे हलविली. त्यानंतर राजमहाल व जहांगीर महाल ओस पडले आणि दरबाराचे आवाज थांबले. मानवी राजे गेले. रामराजा मात्र आपल्या अटीप्रमाणे जागचा हलला नाही. ओरछा हे आज नांदते गाव आहे ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

जहांगीर महाल ज्याने बांधला तो वीरसिंह देव हा मधुकरशाहाचाच पुत्र. शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून १६०२ मध्ये त्याने अबुल फजलचा वध केला आणि सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसल्यावर त्याचे भाग्य उजळले. त्या पैशाचा त्याने केलेला सर्वांत मोठा विनियोग ओरछ्यात नाही, तर मथुरेत होता. श्रीकृष्णजन्मस्थानी केशवदेवाचे प्रचंड मंदिर त्याने उभारले. त्यास ३३ लक्ष रुपये लागल्याचे इतिहासकार नमूद करतात. ते मंदिर १६७० मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडण्यात आले. पुढील सारी हकीगत याच काळाशी निगडित आहे, म्हणून हे वर्ष लक्षात ठेवावे.

व्रजातून जयपुरास

वृंदावनात लाल दगडाचे गोविंददेवाचे मंदिर ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याची वरची बाजू एकाएकी तुटल्यासारखी संपते, हे आठवेल. आमेरचा राजा मानसिंह याने १५९० मध्ये ते बांधले. श्रीचैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांना लाभलेली श्रीगोविंददेवांची मूर्ती तेथे विराजमान होती. औरंगजेबाच्या काळात व्रजातील देवांना धोका निर्माण झाला, तेव्हा सेवेकऱ्यांनी मूर्ती हलविली. राधाकुंड, कामवन असे मुक्काम होत होत ती मंदिर बांधणाऱ्याच्याच वंशजांच्या राज्यात आली. आमेरच्या वाटेवर कनक वृंदावन म्हणून जे उद्यान आज दाखवितात तेही या प्रवासातील एक ठिकाण होय.

सवाई जयसिंह याने १७२७ मध्ये जयपूर नगर वसविले, तेव्हा आपला निवास चंद्रमहाल आणि त्यासमोरील जयनिवास उद्यान यांच्या आखणीत देवाला जागा दिली. म्हणून श्रीगोविंददेवांचे मंदिर बाहेरून मंदिर वाटतच नाही. त्यास शिखर नाही. ते बागेतील एका महालात आहे. महालातून राजास सरळ देवाचे दर्शन व्हावे, अशी ती योजना असल्याचे सांगतात. शहर पाहणारे प्रवासी राजवाड्याच्या संग्रहालयातून फिरून परततात आणि लागूनच असलेल्या या देवापर्यंत पोहोचत नाहीत, ही खेदाची बाब होय. जयपुरास राजवाडा पाहिला व गोविंददेव पाहिले नाहीत, तर घर पाहिले व यजमान भेटले नाहीत असे झाले.

येथे दिवसभर दर्शन नसते. दिवसातून सात वेळा थोडा थोडा वेळ पडदा उघडतो, त्यास ‘झांकी’ म्हणतात. मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या व शयन अशी त्यांची नावे आहेत. ऋतुमानाप्रमाणे वेळा बदलतात. आदल्या दिवशी मंदिरात विचारून घेणे श्रेयस्कर.

आमेर

जयपूरच्या आधीची राजधानी आमेर सुमारे ११ कि.मी. अंतरावर आहे. २०१३ मध्ये राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांचा मान मिळाला, त्यांत हा किल्ला आहे. चढण दगडी व उभी असल्याने वृद्धांसाठी जीपची सोय घ्यावी. वर जलेब चौकात आल्यावर, राजवाड्यात शिरण्यापूर्वीच, पायऱ्यांशेजारी श्रीशिलादेवीचे मंदिर लागते. महिषासुरमर्दिनीच्या रूपातील ही काळ्या पाषाणाची मूर्ती राजा मानसिंहाने बंगालच्या मोहिमेनंतर जेसोर येथून आणली, अशी परंपरा आहे. हीही परप्रांतातून आलेलीच देवता. फरक एवढाच की ती संकटातून पळून आली नाही, विजयी राजाबरोबर आली. चांदीच्या द्वारांपाशी उभे राहून हा फरक मनात आणावा. शीशमहल, दिवाण-ए-आम इत्यादी भाग दर्शनानंतर सावकाश पाहता येतात, त्यांना वेळेचे बंधन दर्शनाइतके नसते. नवरात्रात मात्र येथे फार मोठी गर्दी लोटते.

किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात जगतशिरोमणि मंदिर आहे. मानसिंहाचा पुत्र जगतसिंह अकाली मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ मातेने, राणी कनकावतीने, ते बांधविले. येथील श्रीकृष्णमूर्ती ही चित्तोडगडावर मीराबाई जिची पूजा करीत तीच होय, अशी श्रद्धा आहे. सहली सहसा येथे नेत नाहीत. गाडीवाल्यास आधी सांगून ठेवावे.

मेवाड

ती मूर्ती जेथून आली असे मानतात त्या चित्तोडगडाकडे आता वळू. १३०३, १५३५ आणि १५६८ अशी तीन वेळा ज्याची राखरांगोळी झाली, असा हा गड आहे. सात पोल, म्हणजे वेशी, ओलांडून वर गेल्यावर कित्येक कि.मी. पसरलेले पठार लागते. पायी सर्व पाहणे होत नाही, रिक्षा ठरवावी. महाराणा कुंभाने १४४८ मध्ये पूर्ण केलेला नऊ मजली विजयस्तंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. तो विष्णूस अर्पण केलेला असून त्यावर देवदेवतांच्या असंख्य मूर्ती कोरल्या आहेत, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कुंभश्याम मंदिराच्या आवारातच मीराबाईंचे लहानसे मंदिर आहे.

मेवाडात राज्य श्रीएकलिंगजींचे. उदयपूरहून २२ कि.मी. वर कैलासपुरी येथे काळ्या पाषाणाचे चतुर्मुख शिवलिंग आहे. तेच मेवाडचे खरे अधिपती आणि महाराणा हे त्यांचे दिवाण. ही पदवी नुसती नम्रतेची नव्हती. या राज्यास आपला देव रक्षण करणारा आहे एवढेच वाटत नव्हते, आपणही देवाचे रक्षण केले पाहिजे असे वाटत होते. त्याची परीक्षा १६७२ मध्ये झाली.

गोवर्धन पर्वतावरील श्रीनाथजी, वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाचे आराध्यदैवत, १६६९ मध्ये व्रजातून निघाले. आग्रा, कोटा, किशनगढ, जोधपूरचा प्रदेश असा रथाचा प्रवास दोन वर्षांहून अधिक काळ चालला होता. दिल्लीच्या बादशहाचा रोष ओढवून घेऊन त्या देवास कायमचा ठाव द्यावा हे साधे काम नव्हते. महाराणा राजसिंहाने ते केले. सिहाड गावापाशी रथाचे चाक रुतले, देवाची इच्छा समजून तेथेच स्थापना झाली, असे सांगतात. तेच आजचे नाथद्वारा, उदयपूरहून सुमारे ४८ कि.मी.

श्रीनाथजींच्या निवासास मंदिर म्हणत नाहीत, ‘हवेली’ म्हणतात. देव येथे नंदबाबांच्या घरातील बाळ आहे. म्हणून त्यास उठविणे, सजविणे, जेवू घालणे, निजविणे यांप्रमाणे दिवसाची आठ दर्शने ठरली आहेत आणि प्रत्येक दर्शन थोडाच वेळ असते. बाळास फार वेळ लोकांपुढे ठेवू नये हा त्यामागील भाव. दार उघडताच होणाऱ्या लोटालोटीत वृद्ध व मुले यांना सांभाळावे. पहाटेच्या मंगला दर्शनास हिवाळ्यात कडाक्याची थंडी असते.

मराठी यात्रेकरूने येथील आणखी एक गोष्ट मोकळ्या मनाने जाणून घ्यावी. श्रीनाथजींना नाथद्वारा एकदा पुन्हा सोडावे लागले, ते १८०२ मध्ये, आणि त्या वेळी भय दिल्लीचे नव्हते. यशवंतराव होळकरांच्या फौजेचे होते. ज्या होळकर घराण्यातील पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, त्याच घराण्याची ही पुढची पिढी. पैशाच्या मागणीने त्रस्त होऊन गोस्वामींनी मूर्ती आधी उदयपूरला व नंतर डोंगरातील घसियार येथे नेली. मेवाडच्या महाराण्याने दुसऱ्यांदा आश्रय दिला. काही वर्षांनी श्रीनाथजी नाथद्वाऱ्यास परतले. घसियारची हवेली उदयपूरहून गोगुंद्याकडे जाणाऱ्या बाजूस आजही आहे. ज्यांच्यापाशी अर्धा दिवस अधिक असेल त्यांनी वाहन करून तेथे जाऊन यावे.