कोकरांच्या पोटातले जंतू

पशुवैद्य म्हणून धनगरवाड्यांवर फिरताना मी नेहमी पाहिले, की पावसाळ्यात कोवळे गवत फुटले की कळपातले सर्वांत धष्टपुष्ट कोकरूच आधी दगावते. हा आंत्रविषार. क्लोस्ट्रिडियम कुळातला एक जंतू आतड्यात थोडा असतोच. खुराक एकदम वाढला की तो फोफावतो, विष सोडतो, आणि काही तासांत कोकरू जाते. साल्मोनेलाच्या हगवणीतून वाचलेली कोकरे मात्र खुरटी राहतात, कारण अन्नरस शोषणारे आतड्याचे अस्तरच झिजलेले असते.

गंमत अशी, की क्लोस्ट्रिडियमच्याच कुळात उपकारक जंतूही आहे. जपानात चिबा येथे डॉ. मियाइरी यांनी १९३३ साली तो शोधला. आजही तिथे तो पोटाच्या औषधात देतात.

आंत्रविषाराची लस पावसाआधीच, मे महिन्यात टोचावी लागते. पहिलीच असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. लसनिधीस यथाशक्ती हातभार लावावा, ही विनंती.