नहारीची तरी आणि न्याहारीचा हिशेब

छावणी, छत्रपती संभाजीनगर



वजन उतरवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिल्यानंतर सकाळची नहारी, पाया, खिमा आणि सॉसेज हे सारे एका दमात बंद करून दूध-ओट्सवर राहण्याचा जो निश्चय चिरंजीव भाच्याने केल्याचे कळते, तो फार दिवस टिकणारा नाही, आणि खरे पाहता तो टिकण्याची गरजही नाही. आवडीच्या पदार्थास पर्याय शोधताना त्या पदार्थातील नेमका कोणता घटक वजन वाढवतो हे आधी पाहावे लागते. ते न पाहता पदार्थच टाकून दिला, तर जिभेची उपासमार होते आणि दुपारी फरसाणाच्या पुडीतून त्याची भरपाई होते.

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जितकी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक किलोकॅलरी म्हणतात आणि बोलीत तिलाच नुसते कॅलरी किंवा उष्मांक म्हटले जाते. प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांच्या एका ग्रॅममधून सुमारे 4, तर स्निग्धांशाच्या, म्हणजे तेल, तूप व चरबी यांच्या एका ग्रॅममधून सुमारे 9 उष्मांक मिळतात, आणि सकाळच्या मांसाहाराचे सगळे गणित या दुपटीहून अधिक असलेल्या फरकावर उभे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या व अनेक वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या कोष्टकात 100 ग्रॅम कच्च्या मांसामागे मेंढीच्या मटणास 194, बोकडाच्या बिनचरबीच्या मांसास 118, कोंबडीस 109 आणि म्हशीच्या मांसास अवघे 86 उष्मांक दिलेले आहेत. म्हणजे छावणीत ज्याला ‘बडे का’ म्हणून काहीसे कमी लेखले जाते, तेच मांस या यादीत सर्वांत हलके ठरते. महाराष्ट्रात 2015 साली गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल व वळूंनाही लागू झाल्यापासून ‘बडे का’ म्हणजे कायदेशीरपणे म्हशीचेच मांस असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग एवढे हलके मांस खाऊनही नहारी जड का पडते? याचे उत्तर वाडग्याच्या वरच्या थरात आहे. नहारी म्हणजे पायाच्या नळ्यांचे व त्यालगतच्या चिवट मांसाचे तुकडे मसाल्यासह रात्रभर मंद आचेवर शिजवून, पहाटे पीठ लावून दाट केलेला रस्सा. या दीर्घ शिजण्यात नळीतील मज्जा आणि मांसालगतची चरबी वितळून फोडणीच्या तेलात मिसळते, आणि मिरचीचा रंग स्निग्ध पदार्थातच विरघळत असल्याने तो लालभडक थर वर तरंगतो. यालाच तरी म्हणतात, आणि गिऱ्हाईक ओळखीचे असले की दुकानदार प्रेमाने एक पळी अधिक वाढतो. त्या पळीत 30 ग्रॅम तरी असेल, तर तिच्यात सुमारे 270 उष्मांक असतात, म्हणजे खालच्या 100 ग्रॅम मांसाच्या तिपटीहून अधिक. यास्तव पर्यायाचा पहिला प्रयोग मांसावर न करता तरीवर करावा.

तो प्रयोग घरी सहज होतो, कारण नहारी मुळातच आदल्या रात्रीचा पदार्थ आहे. संध्याकाळी कुकरमध्ये मांस पूर्ण मऊ शिजवून घ्यावे, पीठ मात्र तेव्हा लावू नये. रस्सा उथळ भांड्यांत ओतून निवू द्यावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, कारण कोमट मांसरस रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जंतू वाढतात. सकाळी झाकण उघडल्यावर वर नारिंगी, मेणासारखी पापडी बसलेली दिसते आणि तिच्याखालचा रस्सा नळीतील सरसामुळे थलथलीत झालेला असतो. पापडी चमच्याच्या कडेने उचलली की बहुतेक अखंड निघून येते. ती सगळी फेकून दिल्यास मात्र नहारी फिकी व मुकी लागते, कारण मसाल्याचा सुगंधही मोठ्या प्रमाणात स्निग्धांशातच उतरलेला असतो. म्हणून प्रत्येक वाडग्यामागे एक लहान चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम पापडी राखून ठेवावी आणि रस्सा उकळून पीठ लावल्यानंतर, वाढतेवेळी ती वरून सोडावी. 45 उष्मांकांत रंग, वास आणि जुन्या खवय्यांचे समाधान हे तिन्ही साधते. आल्याचे काप, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू यांत हात आखडता घेण्याचे काहीच कारण नाही.

मराठवाड्यातील रश्शांना दाटपणा येतो तो पुष्कळदा सुके खोबरे आणि शेंगदाण्याचे कूट यांमुळे, आणि त्याच कोष्टकात 100 ग्रॅम सुक्या खोबऱ्यास 662, शेंगदाण्यास 567 उष्मांक आहेत. त्यांच्या जागी भाजलेल्या डाळ्यांचे पीठ वापरले, तर ते 369 वर येते आणि थोडेच पुरते. नहारीसोबतचा नानही हिशेबात धरलाच पाहिजे. एका नानास 80 ग्रॅम मैदा लागला असे मानले तर त्याचेच सुमारे 280 उष्मांक होतात, आणि नान सहसा एकावर थांबत नाही. याउलट 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 175 उष्मांक असतात, तिच्यातील तंतूंमुळे पोट लवकर भरल्याची जाणीव होते, आणि भाकरी रश्श्यात कुस्करून खाण्याची येथील रीत नहारीला शोभून दिसते. शुद्धतावादी यावर नाक मुरडतील. त्यांना मुरडू द्यावे.

खिम्याच्या बाबतीत फसवणूक अधिक होते, कारण बारीक झाल्यावर त्यात चरबी किती गेली हे डोळ्यांना कळत नाही. तयार खिमा न घेता रानाचा, म्हणजे मांडीचा, तुकडा निवडावा, त्यावरील चरबी व पांढरा पापुद्रा काढायला सांगावे आणि समोर उभे राहून खिमा करून घ्यावा. सोयाबीनच्या दाण्यांचा पर्याय हल्ली सर्वत्र सुचवला जातो, त्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनपासून बनलेल्या या दाण्यांत कोरड्या 100 ग्रॅममागे सुमारे 345 उष्मांक आणि 52 ग्रॅम प्रथिने असतात; भिजून पिळल्यावर वजन तिपटीच्या आसपास जाते, म्हणजे शिजलेल्या वाटीचा हिशेब कोंबडीच्या जवळपासच येतो. चरबीदार मटणाच्या खिम्याऐवजी ते वापरल्यास मोठा लाभ आहे, कोंबडीच्या खिम्याऐवजी वापरल्यास उष्मांकांचा लाभ जवळजवळ शून्य आहे, आणि कोरड्या दाण्यांची चव झाकण्यासाठी दोन पळ्या तेल जास्त ओतल्यास उलट तोटाच आहे. अर्धा खिमा आणि अर्धे सोयादाणे किंवा न कुटलेली शिजवलेली मसूर, असे मिश्रण जिभेलाही पटते, हाच त्यातला समंजस मार्ग दिसतो. मांसासारखे भासणारे वनस्पतिजन्य तयार पदार्थ महाग असतात आणि त्यांपैकी काहींत खोबरेल तेल बरेच असते, म्हणून केवळ वेष्टनावरील हिरव्या खुणेवर भाळू नये.

पायाचा रस्सा तरी काढल्यावर हलका होतो, पण त्यातील चिकट सरस, ज्याला जिलेटिन म्हणतात, हे अपुरे प्रथिन आहे; ट्रिप्टोफॅन हे शरीराला बाहेरूनच घ्यावे लागणारे अमिनो आम्ल त्यात नसते. त्यामुळे पाया प्यायल्यावर प्रथिनांची गरज भागली असे समजू नये, सोबत एखादे उकडलेले अंडे घ्यावे. कलेजीत लोह व जीवनसत्त्वे भरपूर असून 100 ग्रॅममागे उष्मांक साधारण 150 असतात, तेव्हा ती महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. भेजा मात्र कोलेस्टेरॉलचे कोठारच आहे, आणि त्याला हलका पर्याय शोधण्यापेक्षा मऊ शिजवलेल्या अंड्याची भुर्जी त्याच मसाल्यात करून पाहणे बरे.

निजामाच्या मुलखात इंग्रजांनी वसवलेल्या या लष्करी वस्तीत सॉसेज, बेकन आणि हॅम यांचीही सवय काही घरांत राहून गेली आहे. बेकन म्हणजे खारवून धुरावलेले डुकराचे पोटाकडील मांस. कच्च्या बेकनमध्ये 100 ग्रॅममागे उष्मांक सहज 400 च्या आसपास जातात आणि त्यातील बहुतेक स्निग्धांशाचे असतात. चिकन सॉसेज आपोआप हलके असते, हा समज सोडावा, कारण त्यात कातडी व चरबी मिसळलेली असू शकते. पाकिटामागील तक्त्यात 100 ग्रॅममागे स्निग्धांश व सोडियम किती आहे हे वाचूनच खरेदी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली अशा प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केली. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही, हे खरे. तरीही रोजच्या ताटात अशा वस्तूस जागा देण्याचे कारण उरत नाही. कोंबडीच्या छातीचा खिमा बडीशेप, मिरे, लसूण आणि भिजवून पिळलेला पाव घालून मळावा, बोटाएवढे रोल वाफवावेत आणि तव्यावर चमचाभर तेलात परतावेत, म्हणजे सॉसेजची हौस पुष्कळशी भागते.

गुरुवारच्या बाजारात मित्रांसोबत बाहेरच नहारी घेण्याचा प्रसंग आला, तर ‘तरी बाजूला’ असे आधीच सांगावे, नळीतील मज्जा झटकून घेण्याचा मोह एका नळीवर आवरावा आणि नान अर्धा वाटून घ्यावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असल्यास नान-भाकरीचे प्रमाण एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण औषधाची मात्रा जुन्या आहारावर बेतलेली असते आणि सकाळीच साखर खाली जाण्याचा संभव असतो.

मामांचे आशीर्वाद.