बिळात शिरणारा छोटा शिकारी

मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी फिरायला आणलेला यॉर्कशायर टेरिअर तुम्ही पाहिला असेल. वजन जेमतेम ३ किलो, रेशमासारखे लांब केस, डोक्यावर रिबीन. दिसायला अगदी खेळणे! पण गटाराच्या कडेने उंदीर पळाला, की हेच खेळणे साखळी ताणून भुंकू लागते. असे का व्हावे?

उत्तर त्याच्या नावात आहे. लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे जमीन. जमिनीतील बिळात शिरून शिकार करणारा तो टेरिअर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील विणकर कामाच्या शोधात इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात आले. त्यांनी आपले छोटे टेरिअरही बरोबर आणले. कापडगिरण्यांतील उंदीर मारण्यास ते फार उपयोगी पडले. जो अंगाने लहान आणि स्वभावाने निर्भय, त्याचीच पिल्ले माणसाने पिढ्यानपिढ्या राखली. यालाच 'कृत्रिम निवड' म्हणतात. १८६५ साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो.

या धिटाईचे एक उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, फिलिपाइन्समधील लुझोन बेटावर अमेरिकन सैनिकांना धावपट्टीखालून तार न्यायची होती. तेथे सुमारे २१ मीटर लांब आणि केवळ २० सेंटिमीटर व्यासाचा एक नळ होता. त्यात जागोजाग माती साचलेली. 'स्मोकी' नावाच्या यॉर्कशायर टेरिअर कुत्रीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली. पलीकडून मालकाने हाका मारल्या आणि ती नळातून पार झाली!

तेव्हा शेजारच्या टेरिअरने कुंडीतली माती उकरली किंवा दाराशी चाहूल लागताच तो भुंकला, तर त्याला वाह्यात ठरवून मारू नका. ही सवय माणसानेच त्याच्यात जोपासली आहे.

आणखी एक गोष्ट. कुत्रा मुख्यत: धापा टाकून, जिभेवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. म्हणून त्याला भर दुपारी फिरवू नये.

असे पिल्लू घरी आणण्याचा हट्ट धरण्यापूर्वी स्वत:ला विचारा: रोज त्याला फिरवायला आणि खेळवायला मला वेळ आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर तूर्त शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी मैत्री करा.