जपानला दोघे निघाला असाल तर

नगर जिल्ह्यातून कुणी जपानला निघाले तर आता गावात कुणी वळून बघत नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा विभाग आखला गेला. पुण्याच्या कंपन्या तर आपल्या पोरांना केव्हापासून तिकडे पाठवत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचे ठरले. त्यांत भारतातून जायची ५० हजार कुशल माणसे आहेत. म्हणजे हा ओघ वाढणारच. जाणाऱ्या जोडप्याच्या घरी ज्या चर्चा होतात त्या ठरलेल्या असतात: पगार रुपयांत किती होईल, घरभाड्यात किती जाईल, थंडी सोसेल का, शाकाहारी माणसाने खायचे काय. भाषेचा विषय निघतो तो फक्त नोकरी करणाऱ्यापुरता. कंपनी त्याला शिकवते आहे, त्याची जपानीची एन४ परीक्षा झाली, बायकोचे काय, ती गेल्यावर शिकेल हळूहळू. तिथल्या वास्तव्यानंतर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. दोघांपैकी एकालाच जपानी शिकायला सवड आणि पैसा असेल, तर नोकरी ज्याची नाही त्याने आधी शिकावे. बहुतेक वेळा ती बायको असते, हल्ली कधीकधी नवराही असतो. मुद्दा बदलत नाही.

असे का, ते सांगतो. जपानमध्ये इंग्रजी अजिबात नाही हा समज जुना झाला. स्टेशनांची नावे रोमन लिपीत आहेत, शिनकानसेनमध्ये घोषणा इंग्रजीत होतात, तिकिटाच्या यंत्रावर भाषा बदलायचे बटण असते. पहिले आठ-पंधरा दिवस त्यामुळेच फार सुखाचे जातात आणि भाषेवाचून काही अडत नाही असे वाटू लागते. पण नीट पाहिले तर हे सगळे इंग्रजी आधी ध्वनिमुद्रित केलेले किंवा छापलेले असते, म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे चालले असतानाचे असते. गाडी वेळेवर असेल तर इंग्रजी. वादळामुळे पुढची गाडी रद्द झाली आणि दुसऱ्या मार्गाने जा असे स्टेशनमास्तर ध्वनिक्षेपकावरून सांगू लागला, की ते बहुधा नुसते जपानीत. बँकेच्या यंत्रावर इंग्रजी असते. खाते का अडले ते काउंटरवरची बाई जपानीत सांगते. ठरलेले बिघडले की जपानी लागते. आणि नोकरी करणारा माणूस रात्री नऊला घरी येणार असेल, तर दिवसभरात जे बिघडेल ते घरी असणाऱ्याच्या वाट्याला येते. कंपनीत त्याच्या मदतीला दुभाषी असतो, इंग्रजी जाणणारा सहकारी असतो, मनुष्यबळ विभाग असतो. घरात तिच्या मदतीला कुणी नसते. भाषेची गरज दोघांत कुणाला जास्त, हे यावरून ठरवावे.

आता रोजच्या गोष्टी घ्या. नवे घर मिळाले की १४ दिवसांत वॉर्ड कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. (यात जपानी जाच वगैरे काही नाही, आपल्याकडेही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला १४ दिवसांतच नोंद करावी लागते.) तिथे पहिला खोळंबा होतो तो आपल्या नावाचा. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला लागूनच वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, मग आडनाव. हे सगळे काताकाना लिपीत लिहायचे, फॉर्मवरच्या चौकटी अपुऱ्या, 'ळ'ला जागा नाही, 'व'चा कुठे 'ब' होतो तर कुठे 'वा'. एकदा बँकेत एक काताकाना, विम्यात दुसरी आणि कंपनीत तिसरी पडली की पैसे जमा होताना नाव जुळत नाही आणि रक्कम परत जाते. म्हणून दोघांनी आपापले पूर्ण नाव काताकानात एकदा पक्के ठरवावे, कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि सगळीकडे तेच, अक्षरन् अक्षर, द्यावे. ते लिहिता येणे म्हणजे ४६ मूळ अक्षरे शिकणे. मराठी माणसाला ती दोन-तीन आठवड्यांत येतात, कारण अक्षराला उच्चार हा हिशोब आपल्या अंगवळणी पडलेला असतो.

काताकानाचा दुसरा उपयोग स्वयंपाकघरात, आणि शाकाहारी घरांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. पाकिटाच्या मागे ॲलर्जीची एक चौकट असते. ती पाहून बरेच जण निश्चिंत होतात. पण कायद्याने तिथे लिहावेच लागतात ते मोजके पदार्थ, जसे कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा, अंडे, दूध आणि शेंगदाणे. डुकराचे मांस, कोंबडी, जेलाटिन ही नावे ऐच्छिक यादीत आहेत. म्हणजे चौकट कोरी असली तरी आत मांसाचा अर्क असू शकतो. तो शोधायचा घटकांच्या यादीत, आणि तिथे तो बहुतेक वेळा काताकानातच असतो: पोकु एकिसु, चिकिन एकिसु, झेराचिन, राडो. ही चार नावे ओळखता आली की बिस्किटे, ब्रेड, वेफर्स यांतले निम्मे प्रश्न सुटतात. करीच्या वड्यांत मात्र बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते आणि ती कांजीत, म्हणजे चित्रलिपीत, लिहिलेली असते. ती दोन-तीन चिन्हे वेगळी पाठ करावीत. माशाचा अर्क तर सूपपासून भाजीच्या रश्शापर्यंत कुठेही निघतो. हॉटेलात 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण मासा म्हणजे मांस असे तिथे कुणी धरत नाही.

कचऱ्याबद्दल सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, मोठे सामान, प्रत्येकाचा वार ठरलेला आणि नियम वॉर्डागणिक वेगळे. चुकले तर दंड होतोच असे नाही. पिशवी तिथेच राहते, तिच्यावर चिठ्ठी चिकटते, आणि ती कुणाची ते गल्लीला ठाऊक असते. ती चिठ्ठी वाचता येणे आणि समोरच्या आजींना दोन वाक्यांत दिलगिरी सांगता येणे, यावर पुढची दोन वर्षे शेजार कसा राहील ते ठरते.

दवाखान्याचे प्रकरण जास्त गंभीर आहे. सरकारी विम्यात ७० टक्के खर्च विमा उचलतो, ३० टक्के आपण द्यायचे. व्यवस्था चांगली आहे. पण ती आधी गल्लीतल्या छोट्या दवाखान्यातून सुरू होते. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी न घेता मोठ्या रुग्णालयात गेलात तर पहिल्या भेटीला किमान ७ हजार येन जादा पडतात. गल्लीतल्या त्या दवाखान्यात इंग्रजी असेलच असे नाही. रुग्णवाहिकेचा नंबर ११९, पोलिसांचा ११०. गाडीला पैसे पडत नाहीत, पण फोनवर पहिला प्रश्न येतो तो आग की आजार, आणि मग पत्ता. स्वतःचा पत्ता जपानीत सांगता येणे ही घरी राहणाऱ्याची पहिली परीक्षा समजा. बाळंतपण तिकडे होणार असेल तर मुलाची नोंद १४ दिवसांत वॉर्डात, ३० दिवसांत वास्तव्याच्या दर्जासाठी अर्ज, शिवाय भारतीय वकिलातीत नोंद. ओली बाळंतीण आणि रजा संपलेला बाप यांनी हे सारे निस्तरायचे असते.

इथे आपल्याच जिल्ह्याचा जुना दाखला आठवतो. डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची मंडळी नगरला आली. त्यांतले विल्यम हर्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेले, इतका तो मुक्काम अवघड होता. १८३५ मध्ये आलेल्या हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी इतकी आत्मसात केली की तिच्यात भक्तिगीते रचली. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते बायकांचे काम. सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत इथे मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुले यांचे शिक्षक-प्रशिक्षण त्यांच्याकडे झाले असे सांगितले जाते. मिशनऱ्यांच्या बायकाही मुलींना शिकवत, घरोघर जात. नवऱ्याला मराठी येते तेवढे पुरे, असे त्यांना म्हणता आले नाही, कारण वाड्यातल्या बायकांशी बोलायचे काम त्यांचेच होते. यावर कुणी म्हणेल, त्यांच्या पाठीशी राज्यकर्त्यांचे बळ होते, घरात नोकर होते, हेतू धर्मप्रसाराचा होता आणि आयुष्य इथेच काढायचे होते. सगळे खरे. त्यांच्या हेतूचे कौतुक करायला मी सांगत नाही. पण ज्यांच्या पाठीशी एवढी सत्ता होती त्यांनाही भाषा टळली नाही, तर तीन वर्षांच्या व्हिसावर गेलेल्या पारनेरच्या जोडप्याला ती कशी टळेल?

तीन वर्षांसाठीच तर जायचे, एवढ्यासाठी कांजी कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. भूकंप व्हिसाची मुदत बघून येत नाही, हे त्याचे उत्तर. १ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी चारच्या सुमारास नोतो भागात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा दूरदर्शनच्या पडद्यावर 'लगेच पळा' असे मुद्दाम सोप्या हिरागाना लिपीत लिहिलेले येत होते. असे लिहायची कल्पना १९९५ च्या कोबे भूकंपानंतर निघाली. तिथे परदेशी रहिवाशांना वेळेवर काही समजले नाही, म्हणून हिरोसाकी विद्यापीठात सोप्या जपानीचा अभ्यास सुरू झाला. जपानने उपाय काढला तो सोप्या जपानीचा, निव्वळ इंग्रजीचा नव्हे, यात अर्थ आहे. तिथल्या परदेशी लोकांत चिनी, व्हिएतनामी आणि कोरियन सर्वाधिक. त्यांना एकत्र बांधणारी भाषा इंग्रजी नाही, मोडकीतोडकी जपानी आहे. आपण इंग्रजी शिकलो म्हणून ती जगाची भाषा, हा आपला भाबडेपणा तिथे लवकर उघडा पडतो.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. फोन सगळे भाषांतर करतो की! करतो, आणि पत्रे, पाकिटे, मेन्यू यांसाठी जरूर वापरावा. मीही त्याच्याशिवाय राहा असे म्हणणार नाही. पण फोनवरच बोलायचे असते तेव्हा तो कामाचा नसतो, गल्लीतल्या भोंग्यावरून दिलेली सूचना त्याला कळत नाही, आणि डॉक्टर 'कुठे दुखते, कसे दुखते' विचारतो तेव्हा ठणकणे आणि जळजळणे यांतला फरक तो हमखास चुकवतो.

तिसरा आक्षेप असा की टोक्योच्या निशी-कासाईत आपलीच माणसे आहेत, किराणा मिळतो, गणपती बसतो. आहेत ना. पण अरणगावच्या मेहेराबादच्या आवारात परदेशी भक्तांचे इंग्रजीवर निभते आणि आवाराबाहेर पडले की मराठी लागते, तसेच निशी-कासाईचे आहे. शिवाय आपल्याकडचे यांत्रिकी अभियंते जातात ते बहुधा आइची आणि शिझुओका प्रांतांतल्या कारखान्यांत; तिथे तेही आवार नाही. याच निशी-कासाईच्या एदोगावा वॉर्डात २०१९ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकूनच तिकडे गेले होते, हे सांगणारे फार थोडे भेटतात.

सर्वांत वजनदार आक्षेप शिकलेल्या बायकांचा आहे. मी स्वतः अभियंता, नोकरी सोडून जायचे आणि वर शेजाऱ्यांशी बोलायला भाषा शिकायची? ही चीड मला पटते. पण नियम बघा. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येते. पूर्ण वेळ काम हवे तर कंपनी मिळवून व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो, आणि कंपनी सहसा जपानी विचारते. जोडीदाराची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला तर तिच्या वास्तव्याचाही प्रश्न येतो. घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू १४ दिवसांत कळवावा लागतो. ज्याचे पाय दुसऱ्याच्या कागदावर उभे आहेत त्याला भाषेची गरज सर्वांत जास्त. आणि तोकुतेइ गिनो (विशिष्ट कौशल्य) पहिल्या श्रेणीच्या व्हिसावर किंवा तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून निघाला असाल, तर कुटुंब नेताच येत नाही. एजंट ही गोष्ट शेवटी सांगतात, म्हणून इथे आधी सांगितली.

प्रवासाची एक फसगत त्यातल्या त्यात हलकी. देशभर फिरायचा जेआर पास पाहुण्या म्हणून आलेल्या परदेशी माणसांसाठी आहे, वास्तव्याचे कार्ड असलेल्यांसाठी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून ५० हजारांवर गेला, तेव्हा भेटीला आलेल्या आईवडिलांसाठीही तो घेण्याआधी सुट्या तिकिटांशी ताडून पाहावा.

शिकायचे कधी, एवढेच उरते. बहुतेक घरांत एक जण आधी जातो आणि दुसऱ्याच्या व्हिसासाठी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज तिकडच्या इमिग्रेशन कचेरीत साधारण एक ते तीन महिने असतो. त्या काळात नगरमध्ये दुसरे काम असते ते कागदांचे: ग्रामपंचायतीतून किंवा निबंधकाकडून विवाह नोंदणीचा दाखला, त्यावरच्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी ताडून घेणे, चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घेणे. त्यातून उरलेल्या वेळात हिरागाना, काताकाना, आकडे, स्वतःचा पत्ता आणि शरीराच्या अवयवांची नावे सहज होतात. रोज तासभर पुरतो. पुण्यात जपानीचे वर्ग पुष्कळ आहेत, बरेचसे घरबसल्या चालतात, आणि प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये पुण्यातच देता येते. फॉर्म काही महिने आधी भरावा लागतो, तेव्हा विमानाचे तिकीट बघण्याआधी ती तारीख बघा.